तगराचा शोध आणि तेरचे थर

तगर हे नगर आधुनिक इतिहासकारांना प्रथम भेटले ते कागदावर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र, अरबस्तानचा किनारा आणि भारताचा पश्चिम किनारा येथील व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. कर्त्याचे नाव तिच्यात नाही. बारिगाझा म्हणजे भडोच येथील बाजारपेठेचे वर्णन करता करता हा व्यापारी दक्षिणापथाकडे वळतो आणि दोन नगरांची नोंद करतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगर हे त्याच्या लेखी फार मोठे नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतो, तगराहून साधे कापड विपुल प्रमाणात आणि मलमलीचे नाना प्रकार येतात; हा सारा माल नीट रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला पोचतो. एवढे सांगून तो पुढच्या बंदराकडे निघतो. तो स्वतः तगराला गेला असावा असे त्याच्या लिखाणावरून वाटत नाही. बंदरात उतरलेल्या गाठींवरून ज्याने दूरच्या नगराचा अंदाज बांधला अशा माणसाचे हे वाचन आहे.

या दोन-चार वाक्यांनी पुढे शंभर-सव्वाशे वर्षांचा विद्वद्‌वाद पोसला. या वादाचा निकाल ज्या गावाच्या बाजूने लागला ते तेर धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) तेरणा नदीच्या काठी आहे. एखाद्या स्थळाला अनेक थर असतात तेव्हा त्यांतील कोणत्या थराला 'पुरावा' म्हणायचे आणि कोणत्या थराला 'दंतकथा', हे कोण ठरवतो व कशाच्या बळावर ठरवतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाने पुरातत्त्वाच्या क्षेत्रात शिरण्याचे कारणही हेच. मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये 'ज्ञानाचे पुरातत्त्व' ही संज्ञा रूढ केल्यापासून आपल्या समीक्षेत थर, उत्खनन, अवशेष ही रूपके सैलपणे वापरली जातात. तेरला हे रूपक पुन्हा जमिनीवर आणून तपासता येते.

प्रथम ग्रीक संहितेकडेच पाहू. पेरिप्लसची जी प्रमुख प्रत आज आपल्यापाशी आहे ती हायडेलबर्ग येथील हस्तलिखितात आहे आणि ते दहाव्या शतकातले आहे. मूळ लेखन आणि ही नक्कल यांत सुमारे नऊशे वर्षांचे अंतर पडते. नकलकारांना दख्खनची गावे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. संहितेतील अनेक जागा भ्रष्ट आहेत व संपादकांनी त्या आपापल्या तर्काने दुरुस्त केल्या आहेत. आता याच्याच शेजारी भारतीय साधने ठेवावीत. जैन ग्रंथकार हरिषेण याचा संस्कृत 'बृहत्कथाकोश' हा इ. स. ९३१-३२ च्या सुमाराचा आहे. ठाणे येथे १७८७ मध्ये सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा आहे. मुनी कनकामर याचे अपभ्रंश काव्य 'करकंडचरिउ' अकराव्या शतकातले मानले जाते. म्हणजे ज्या ग्रीक पोथीला आपण आद्य साक्षीदार मानतो ती पोथी, वस्तू म्हणून पाहिली तर, या जैन आणि शिलाहार साक्षीदारांच्या वयाची आहे. तिच्यातील मजकूर जुना आहे हे खरेच. पण मजकूर जुना आणि प्रत नवी ही स्थिती आपल्या पुराणकथांचीही असते. तिथे मात्र आपण प्रतीच्या वयावर बोट ठेवतो आणि इथे मजकुराच्या वयावर. हा भेद शास्त्रीय कसोटीतून आलेला नाही. कोणत्या भाषेतील ग्रंथ विश्वासार्ह मानायचा याविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील सवयीतून तो आला आहे.

शिलाहारांच्या ताम्रपटांचा उल्लेख वर आला. उत्तर कोकणातील आणि कोल्हापूरकडील शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. तगरावर त्यांची सत्ता ताम्रपटांच्या काळी नव्हती. बिरुद हे त्यांच्यासाठी मूळस्थानाची आठवण होते, आणि वंशाचा आरंभ ते गरुडाला स्वतःचे शरीर अर्पण करणाऱ्या जीमूतवाहन विद्याधरापासून सांगत. इतिहासकारांनी या ताम्रपटांतून नगराचे नाव उचलले आणि विद्याधर बाजूला ठेवला. वस्तुतः दोन्ही एकाच वाक्यरचनेचे घटक आहेत. सत्ता गेलेल्या नगराचे नाव आणि देवकुळातील पूर्वज ही दोन्ही प्रतिष्ठेची साधने होती, आणि तगराचे नाव त्या कामी येण्याइतके अकराव्या शतकातही वजनदार होते. आपल्या दृष्टीने ताम्रपटातील ही माहिती नगराच्या अक्षांश-रेखांशापेक्षा मोलाची आहे.

फ्रान्सिस विलफर्ड यांनी 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात (१७८८) तगरावर टिपण लिहिले आणि ते देवगिरीला नेऊन ठेवले. त्यानंतर स्थळांची रांगच लागली. भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले, हेन्री यूल यांनी गुलबर्गा, जॉन फेथफुल फ्लीट यांनी आरंभी कोल्हापूर. बीड जिल्ह्याच्या वाट्याला तर हा मान दोनदा आला: ग्रँट डफ यांचा कल बीडजवळील गोदाकाठाकडे होता आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा धारूरकडे. या सर्व सूचना आज चुकीच्या ठरल्या असल्या तरी वाचनाचा इतिहास म्हणून त्या उद्बोधक आहेत. ज्याच्या हाती जे साधन, त्याचे तगर त्या साधनाच्या परिसरात. कोणी लेण्यांचे वैभव पाहिले, कोणी शिलाहारांची राजधानी, कोणी ध्वनिसाम्य. त्यात टॉलेमीने दुसऱ्या शतकात तगराचे जे स्थान दिले ते पैठणच्या ईशान्येकडे जाते आणि त्यामुळे गोंधळ वाढला.

निकाल लावला तो फ्लीट यांनीच, आपले जुने मत सोडून. १९०१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. तगर, तयर, तइर, तेर असा प्राकृतातील ध्वनिबदलाचा क्रम त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. स्वरांमधला 'ग' झिजून जाणे हे महाराष्ट्री प्राकृताच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परिचित आहे. फावडे न लावता केलेले हे उत्खननच म्हणायचे: दोन अक्षरी नावाच्या खाली दडलेली तीन अक्षरे वर काढली गेली. अंतरेही जुळतात. नकाशावर पैठण आणि तेर यांना सरळ रेषेने जोडले तर ती सुमारे दीडशे किलोमीटरची होते, बालाघाटाच्या पठारावर नेकनूरच्या आसपासून जाते आणि पुढे मांजरा ओलांडून तेरणेच्या खोऱ्यात उतरते. भडोच ते पैठण हे याच रीतीने साडेतीनशे किलोमीटर भरते. दहा दिवस आणि वीस दिवस या आकड्यांना भागले असता दोन्ही टप्प्यांत दिवसाला पंधरा ते सतरा किलोमीटर येतात, आणि वाटेची वळणे धरली तर थोडे अधिक. लादलेल्या बैलगाडीची चाल याहून फार वेगळी नसते. ग्रीक व्यापारी 'पूर्वेस' म्हणतो आणि तेर प्रत्यक्षात आग्नेयेस आहे. पण भडोचच्या धक्क्यावर उभे राहून गाडीवानाच्या तोंडून दिशा ऐकणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

फ्लीट यांच्या निष्कर्षानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली व पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तिचा वृत्तान्त दिला. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून निघाला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा उत्खनने झाली, त्यांत विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष हाती आले. सातवाहनकालीन वस्ती, काळी-तांबडी भांडी, शंख आणि मणी यांचे उद्योग, केओलिनच्या साच्यातून काढलेल्या मृण्मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली मातीची पदके अशी सामग्री तेरने दिली. पेरिप्लसचे शब्द खरे ठरले, असे म्हणून इतिहासलेखनाने समाधानाचा सुस्कारा टाकला.

ग्रंथ हाती घेऊन खणण्याचा हा प्रकार भूमध्य समुद्राच्या परिसरात आधीच घडून गेला होता. हाइन्रिख श्लीमान यांनी १८७० पासून तुर्कस्तानातील हिसार्लिक टेकडीवर होमरच्या भरवशावर ट्रॉय शोधण्यास प्रारंभ केला. एकावर एक नऊ मुख्य वस्त्या असलेल्या त्या टेकडीतून त्यांनी भला मोठा चर आरपार नेला. १८७३ मध्ये जे दागिने त्यांनी प्रायम राजाचे म्हणून जाहीर केले ते परंपरेने मानलेल्या ट्रोजन युद्धाच्या काळाहून हजारावर वर्षे जुन्या थरातले निघाले, आणि ज्या थरांत होमरचे ट्रॉय असण्याचा संभव होता त्यांतील बराच भाग खणण्यातच नाहीसा झाला. तेरला असा विध्वंस झाला नाही. चापेकर आणि नंतरचे उत्खनक शिस्तीचे अभ्यासक होते. परंतु श्लीमान यांचा चर जमिनीतच असावा लागतो असे नाही. तो वाचनातही असतो. तेरविषयीच्या बहुतेक लेखनात पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या थराला पोचण्याची घाई दिसते आणि वरची हजार-बाराशे वर्षे 'उत्तरकालीन' या एका शब्दात उचलून बाजूच्या ढिगाऱ्यावर टाकली जातात.

या घाईचे फळ म्हणजे 'रोमन' या विशेषणाचा सुळसुळाट. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननानंतर चक्रांकित नक्षीची भांडी भूमध्य प्रदेशातून आलेली मानली गेली. ऐंशीच्या दशकापासूनच्या अभ्यासाने ती बहुतांशी भारतीय ठरवली. तेरच्या दुहेरी साच्यातील मृण्मूर्तींवरही रोमन तंत्राची छाप सांगितली जाते. ती असेलही. पण तेरच्या कारागिराने रोमन नाण्यावरील सम्राटाची मुद्रा मातीत उतरवून, तिला ओवण्याची सोय करून, गळ्यात घालण्याचे पदक केले तेव्हा त्याने काय केले? नाण्याचे चलनमूल्य त्याने काढून टाकले आणि अलंकारमूल्य ठेवले. साहित्यात यालाच आपण रूपांतर म्हणतो. 'प्रभाव' या शब्दात देणारा सक्रिय आणि घेणारा निष्क्रिय असतो. मराठीच्या आधुनिक साहित्याचा इतिहास लिहिताना या शब्दाने आपली जी दिशाभूल केली तीच इथेही केली आहे.

तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इटलीत पॉम्पेई येथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. प्रथम ती लक्ष्मी समजली गेली, नंतर यक्षी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने पॉम्पेई गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्यापूर्वीची हे निर्विवाद. तिच्यावर खरोष्ठी अक्षराची खूण आहे, म्हणून काहींनी तिचे मूळ वायव्य भारतात शोधले. पण तिच्याशी जवळचे साम्य असणाऱ्या मूर्ती मिळाल्या त्या तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे. मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये 'ललित कला' नियतकालिकात तेरच्या मूर्तीवर लेख लिहिला. तेरची मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली. लामतुरे हे तेरचेच. गावात आणि शिवारात मिळणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या व त्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मूर्ती वाचली, पण तिचा थर हरवला होता. परिणामी तिचे वय ठरवायचे तर इटलीतील ज्वालामुखीचा आधार घ्यावा लागतो. दख्खनमध्ये घडलेली वस्तू दख्खनमध्येच 'समांतर उदाहरण' होते आणि निर्यात झालेली तिची बहीण 'मूळ नमुना' ठरते. थर ज्याच्याजवळ, अर्थ ठरवण्याचा अधिकार त्याच्याजवळ, हा पुरातत्त्वाचा कायदा न्याय्य असेलही. त्याचे साहित्यिक परिणाम मात्र चमत्कारिक आहेत.

लामतुरेंचा संग्रह शक्य झाला तो गावाच्या एका जुन्या व्यवहारामुळे. शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणण्याची आपली रीत आहे. पांढर म्हणजे राख, शेण, भिंतींची माती, खापऱ्या यांनी शतकानुशतके वर चढत गेलेली वस्तीची जागा. पुरातत्त्वज्ञ जिला वस्तीचे टेकाड म्हणतो तिला कुणब्याच्या भाषेत आधीपासून नाव होते. मराठवाड्यात माळवदावर पांढरी माती पसरतात, खत म्हणून ती शेतात नेतात. टेकाडे खचण्याचे हे मोठे कारण, आणि वस्तू वर येण्याचेही. सातवाहनांची खापरी अशा रीतीने कोणाच्या तरी छपरावर गेली. शास्त्राच्या दृष्टीने हा थरांचा नाश; गावाच्या दृष्टीने जुन्या थरातून नवे घर. दोन्ही खरे आहे, आणि दुसऱ्याचा उल्लेख अहवालांत सहसा तक्रारीच्या सुरातच येतो.

त्रिविक्रम मंदिरापाशी हा संघर्ष तीव्र होतो. तेरचे हे विटांचे मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छत आणि पुढे नंतर जोडलेला सपाट छताचा मंडप अशा घडणीचे आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याची तुलना होते. कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले आणि तेव्हापासून हे मत प्रचलित आहे. आत आज बळीला पाताळात दडपणारा त्रिविक्रम उभा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला इथे महात्मा फुले आठवणे अपरिहार्य आहे. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी अवतारकथांचे थर उलटून पाहिले आणि वामनकथेच्या तळाशी बळीच्या राज्याचा पाडाव वाचला. पुराण हे पराभूतांच्या इतिहासावर चढवलेला थर आहे, ही दृष्टी मराठीत त्यांनी पुरातत्त्व खात्याची पाहणी तेरला पोचण्याच्या कितीतरी आधी आणली. चैत्यगृहात त्रिविक्रम, ही जणू त्यांच्या सिद्धान्ताची वास्तुरूप साक्ष.

इतकी चपखल साक्ष मिळाली की अभ्यासकाने थांबावे. गजपृष्ठाकार विधान ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती. गुडीमल्लम आणि ऐहोळे येथील ब्राह्मणी मंदिरांतही ते आढळते. शिवाय चैत्यगृह हिरावून घेणे आणि ओस पडलेल्या चैत्यगृहात पूजा सुरू होणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि विटांच्या रचनेवरून त्यांतील एक निवडता येत नाही. फुल्यांचे वाचन म्हणून निरर्थक ठरत नाही. ते तेरच्या या इमारतीविषयी नव्हतेच. ते कथेच्या कार्याविषयी होते. रूपक आणि पुरावा यांची सरमिसळ केली तर दोघांचीही हानी होते, आणि अलीकडच्या वादांत ती सर्रास होते.

जैन थराची दखल साहित्याच्या इतिहासाने तरी अधिक घ्यायला हवी होती. हीरालाल जैन यांनी १९३४ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेत 'करकंडचरिउ' संपादित केले. त्यात करकंड राजा तेरापुरास येतो आणि जवळच्या डोंगरातील लेण्यात त्याला पार्श्वनाथाची प्रतिमा सापडते. लेण्यात पाण्याचा झरा फुटतो. धाराशिवची लेणी डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहिले गेले, असे संपादकांनी दाखवले. म्हणजे अकराव्या शतकातील कवी जुने लेणे पाहतो, ते कोणी कोरले असेल असा प्रश्न स्वतःला विचारतो आणि उत्तरादाखल कथा रचतो. कझिन्स यांनी त्रिविक्रम मंदिरापुढे उभे राहून केले ते याहून मूलतः वेगळे नव्हते. साधने निराळी होती, पडताळ्याची सोय निराळी होती. कुतूहल तेच होते.

आणि मग गोरा कुंभार. वारकऱ्यांचे तेर हे तेरढोकी आहे, गोरोबाकाकांचे गाव. महिपतीच्या 'भक्तविजय'मुळे (१७६२) घरोघरी गेलेल्या कथेत संतमंडळी जमली असताना गोरोबा थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहतात आणि नामदेवाला कच्चे मडके ठरवतात. वाङ्‌मयेतिहासकार या कथेपाशी आले की तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न काढतात व ती आख्यायिका म्हणून कंसात टाकतात. तिच्यातली व्यवसायाची खूण मात्र कोणी पाहत नाही. मडके भाजले गेले की नाही हे आवाजावरून ओळखणे ही कुंभाराची रोजची परीक्षा आहे. चापेकरांच्या अहवालातील खापऱ्यांचे वर्गीकरणही भाजणीवरच बरेचसे उभे आहे: कोणते भांडे भट्टीत कसे ठेवले, आतून काळे आणि बाहेरून तांबडे का झाले. कथेने ही कसोटी माणसाला लावली, तीही जातीने खालच्या गणलेल्या कारागिराच्या हातून. कच्चा ठरला तो पंढरीच्या विठ्ठलाचा लाडका. कापड, मणी, मृण्मूर्ती, पदके यांच्या कारागिरांपैकी एकाचेही नाव तगराच्या साऱ्या ग्रीक, संस्कृत आणि पुरातत्त्वीय साधनांत उरलेले नाही. तेरच्या कारागिराला नाव, बोली आणि निवाड्याचा अधिकार मिळतो तो या एकाच थरात, ज्याला आपण पुरावा मानत नाही.

नामदेव रुसून पंढरपूरला जातो आणि तेथून त्याला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचराकडे पाठवले जाते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले असतात. नामदेव ते पाय उचलून दुसरीकडे ठेवतो, तर तिथेही पिंड.